रोशा तेल आणि बाटलीवरचं नाव

(नाशिक येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



मुघल काळात आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. पण सुगंधी तेलाच्या भट्ट्या पेटायच्या त्या शेजारच्या खानदेशात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये नोंद आहे : पावसाळा सरताना मुसलमान कारागीर भिल्लांकडून रोशा गवत विकत घेत आणि ओढ्याकाठी भट्टी लावत. हंड्यात गवत न् पाणी, वर घट्ट झाकण. वाफ नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरे, तिचं पाणी होई आणि तेल वर तरंगे.

हे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. बाजारात त्याचं नाव पडलं ‘तुर्की जिरेनियम तेल’. गवत भिल्लांनी कापलं, तेल आपल्या कारागिरांनी काढलं, नाव मात्र तुर्कस्तानचं!

हीच कृती घरी गवती चहावर करून बघा. कुकरमध्ये पाणी, त्यावर जाळीत पाती. शिट्टी काढून तिथे नळी बसवा, ती थंड पाण्याच्या बादलीतून न्या. पाणी आटू देऊ नका. नळी तुंबू देऊ नका, वाफ कोंडली तर जिवावर बेतेल. दोन किलो ओल्या पातीतून जेमतेम चमचाभर तेल निघतं. म्हणून ‘शुद्ध’ तेल फार स्वस्त मिळालं, तर दुकानदाराला प्रश्न विचारा.

उद्या चारजण मिळून मोठी भट्टी लावलीत, तर गवत कापणाऱ्याला रास्त भाव द्या. आणि बाटलीवर त्याच्या गावाचं नाव लिहा, तुमचंही लिहा.