सत्तरचा आकडा कोणाचा?



आज नाण्यांविषयी बोलायचं आहे. पण शिवराई, होन किंवा मोगल मोहरांविषयी नाही. आजचा विषय आधुनिक नाण्यांचा. टांकसाळीतून निघून थेट डबीत गेलेली, बाजारात कधीही न फिरलेली चकचकीत नाणी, आणि त्यांना क्रमांक देणाऱ्या कंपन्या.

हा विषय निवडायला कारण आहे. माझ्या ओळखीतले बरेच निवृत्त लोक आता असली नाणी घेऊ लागलेत. काही छंद म्हणून, काही चक्क गुंतवणूक म्हणून. हातात निवृत्तीची रक्कम असते, वेळ असतो, आणि मोबाइलवर जाहिरात येते : 'परिपूर्ण नाणं, सत्तरपैकी सत्तर.' मग मला फोन येतो, "सर, घेऊ का?" त्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

आधी पद्धत समजून घेऊ. तुम्ही नाणं कंपनीकडे पाठवता. ते खरं आहे का, हे तपासलं जातं. जाणकार ते पाहून प्रत ठरवतात. मग नाणं प्लास्टिकच्या बंद पेटीत सीलबंद होतं. त्या पेटीला 'स्लॅब' म्हणतात. वर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर आकडा. अमेरिकेत या धंद्यातली दोन मोठी नावं म्हणजे १९८६ साली काम सुरू केलेली पीसीजीएस आणि १९८७ साली आलेली एनजीसी.

आता हा सत्तर आला कुठून? विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक ते सत्तर अशी मोजपट्टी मांडली. हिशेब किमतीचा होता : एक क्रमांकाच्या नाण्याला एक डॉलर, तर सत्तरच्या नाण्याला साधारण सत्तर डॉलर. न वापरलेल्या नाण्यांसाठी त्याने तीनच पायऱ्या ठेवल्या होत्या : साठ, पासष्ट आणि सत्तर. पुढे कंपन्यांनी साठ ते सत्तर या अंतरात अकरा पायऱ्या केल्या. म्हणजे जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी बनवलेली पट्टी आज कालपरवाच्या चांदीच्या नाण्यांना लावली जाते.

जुन्या नाण्यांत ही पट्टी लांबवर पसरते. कुणी बारा, कुणी पस्तीस, कुणी त्रेसष्ट. पण आजची संग्राहकांसाठी काढलेली नाणी इतकी काळजीपूर्वक घडवली आणि हाताळली जातात, की बहुतेकांचा मुक्काम एकोणसत्तर किंवा सत्तरवरच पडतो. सगळा खेळ या शेवटच्या एका पायरीवर. नुसत्या डोळ्यांनी तुम्हाआम्हाला फरक दिसत नाही, किमतीत मात्र तो चांगलाच दिसतो.

आणि नेमक्या या पायरीवर दोन कंपन्यांचे शब्द वेगळे आहेत. एनजीसी म्हणते, नाणं घडून झाल्यानंतर त्यावर आलेला कोणताही दोष पाच पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसता कामा नये. पीसीजीएसच्या व्याख्येचा भर नाणं पूर्ण उठावाने घडलेलं असण्यावर आहे. आता एखाद्या नाण्यावर ओरखडा नाही, पण चित्राचा एक कोपरा किंचित दबलेला आहे. त्याला काय द्यायचं? इथे दोन प्रामाणिक माणसांची दोन मतं होऊ शकतात.

याहून स्पष्ट उदाहरणं देतो. अमेरिकेचं दहा सेंटचं रूझवेल्ट नाणं १९४६ पासून निघतं. त्याच्या मागे मशाल आहे आणि मशालीला वर-खाली आडव्या पट्ट्या. या पट्ट्या सुट्या दिसल्या तर पीसीजीएस चिठ्ठीवर 'फुल बँड्स' लिहिते. एनजीसीचा शेरा आहे 'फुल टॉर्च'. त्यासाठी आडव्या पट्ट्यांबरोबर मशालीच्या उभ्या रेघाही स्वच्छ लागतात.

अर्ध्या डॉलरचं फ्रँकलिन नाणं घ्या, १९४८ ते १९६३ मधलं. त्यावर घंटा आहे आणि घंटेवर रेघांचे दोन संच. 'फुल बेल लाइन्स' हा शेरा दोन्ही कंपन्या देतात, शब्दही तेच. पण पीसीजीएसला खालचा संच पूर्ण असला की पुरतं, एनजीसीला वरचाही लागतो. पाच सेंटच्या जेफरसन नाण्यावर त्याच्या माँटिसेलो या घराच्या पायऱ्या आहेत. एनजीसी पाच पायऱ्या आणि सहा पायऱ्या असे वेगळे शेरे देते. पीसीजीएसकडे पाच किंवा अधिक पायऱ्यांना एकच शेरा.

फौजेतली तुलना करतो. रायफलची तपासणी करताना आर्मररकडे गेज असतं, 'गो' आणि 'नो-गो'. ते बसलं किंवा नाही बसलं. तिथे साहेबांचं मत विचारत नाहीत. घंटेच्या रेघा मोजणं हे गेजच्या जवळचं काम आहे, पण दोन कंपन्यांची गेजं वेगळी आहेत. एकोणसत्तर की सत्तर, हे मात्र गेजचं काम नाही. ते वार्षिक गोपनीय अहवालासारखं आहे. आमच्याकडे नऊपैकी आकडा मिळायचा. एकाच अधिकाऱ्याला एका साहेबांकडून आठ, दुसऱ्यांकडून नऊ. कुणाचे आठ म्हणजे खरे किती, हे युनिटमध्ये सगळ्यांना ठाऊक असायचं.

हे माझंच म्हणणं नाही. १९९० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतले दावे वाढवून केलेले आहेत म्हणून दावा दाखल केला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण तडजोडीत जाहिरातीत खुलासा छापायचं कबूल केलं. प्रतवारी हे तज्ज्ञाचं मत आहे, मोजमाप नव्हे. मत मोलाचं असतं, मीही ते मानतो. खोट्या नाण्यांपासून या कंपन्यांनी संग्राहकांना मोठं संरक्षण दिलं आहे. फक्त मताला मत म्हणूनच पैसे द्यावेत.

चिठ्ठीवरच्या आणखी एका शब्दाकडे लक्ष द्या. पीसीजीएसचं 'फर्स्ट स्ट्राइक', एनजीसीचं 'अर्ली रिलीजेस'. ऐकून वाटतं, साच्यातून निघालेली पहिली नाणी. खरा अर्थ : विक्री सुरू झाल्यापासून साधारण तीस दिवसांत कंपनीकडे पोहोचलेली नाणी. अमेरिकेची टांकसाळ स्वतः सांगते, की कोणतं नाणं आधी घडलं याची नोंद ती ठेवत नाही.

तसंच 'या प्रतीची जगात फक्त एवढीच' हे वाक्य. कंपन्या प्रतवारीचे आकडे प्रसिद्ध करतात, ते खरे असतात. पण तो आकडा तपासायला आलेल्या नाण्यांचा आहे, अस्तित्वात असलेल्या नाण्यांचा नाही. लाखोंनी निघालेलं नाणं कुणी पाठवलंच नाही तर यादीत ते दुर्मीळ दिसणारच. उद्या शंभर जणांनी पाठवलं की दुर्मीळपणा संपला. पेटी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवणारेही असतात. त्याची नोंद दोनदा होऊ शकते.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

एक, आकडा वाचण्याआधी कंपनीचं नाव वाचा, आणि त्या शेऱ्याची त्या कंपनीची व्याख्या वाचा. दोन कंपन्यांचे सत्तर एकाच भावात धरू नका.

दोन, आधी धातूची किंमत काढा. १९८६ पासूनच्या सिल्व्हर ईगलमध्ये एक औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम चांदी आहे. त्यावर तुम्ही जे देता ते मताचे पैसे. ती रक्कम कागदावर वेगळी लिहा. ती बुडाली तरी चालेल का, हे स्वतःला विचारा.

तीन, चांदीच्या आधुनिक नाण्यांवर पेटीत बंद झाल्यावरही दुधासारखे पांढरे डाग येऊ शकतात. हमीपत्रात अशा डागांबद्दल काय लिहिलंय, ते घेण्याआधी वाचा.

चार, घरच्यांसाठी एक वही ठेवा : काय घेतलं, कितीला, कुणाकडून, आणि विकायचं झालं तर कुणाला विचारायचं. आपल्या मागे बायकोमुलांच्या हातात फक्त चिठ्ठीवरचा आकडा राहतो, आणि विकत घेणारा त्यांना तो आकडा आपल्या सोयीने समजावून सांगतो.

छंद जरूर करा. एकोणसत्तरचं नाणं घ्या, भिंग घ्या, आणि ते एक गुण कुठे गेले ते शोधायचा प्रयत्न करा. सापडलं तर तुमची नजर तयार झाली. नाही सापडलं, तर सत्तरसाठी जास्त पैसे कशाचे द्यायचे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

जय हिंद.