शाफ्ट आणि कारागिराचा हात

बी.एम.डब्ल्यू.ने १९२३ साली पहिली मोटारसायकल काढली, तीच साखळीऐवजी शाफ्टची. पुढे १९६९ साली आलेल्या आर ७५/५ चा शाफ्ट मागच्या उजव्या भुजेत तेलात फिरतो. चाक व मागचा गिअर उतरवला, तेल काढले, रबरी बूट सरकवून गिअरबॉक्सकडचे चार बोल्ट सोडवले, की भुजा हाती येते. अडते ते पुढेच. शाफ्टच्या निमुळत्या टोकावर दातेरी वाटी घट्ट आवळलेली असते. वर्कशॉपचे मालक म्हणतात, ‘हाणा हातोडा!’ हातोडा नव्हे, पुलर लावायचा. अपघात-भरपाईचे अर्ज आम्ही लिहीत आलो, म्हणून बजावतो: नट पुरता काढू नका, चार आटे राहू द्या. वाटी सुटते ती बंदुकीच्या बारासारखी. तेव्हा तिच्यासमोर मालक बसलेले नसतात.