अठ्ठेचाळीसपट लहान मिग

मेहकरहून बोलते आहे. मी शिवणकाम करते. आज तुम्हाला ब्लाउजच्या कटिंगबद्दल नाही, तर एका विमानाच्या कटिंगबद्दल सांगणार आहे. हसू नका. पुठ्ठा, कात्री, मेजपट्टी आणि डिंक एवढ्यावर आमच्या घरात एक लढाऊ विमान तयार झालं. माझी पुतणी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला ते करायचं होतं, आणि मापं घ्यायला काकू हवी होती.

आधी एक सांगते. खेळण्यातलं विमान वेगळं आणि मॉडेल वेगळं. खेळणं नुसतं विमानासारखं दिसतं. मॉडेलमध्ये खऱ्या विमानाचं प्रत्येक माप एकाच हिशोबानं लहान केलेलं असतं. पंख जितक्या पट लहान, तितक्याच पट शेपटी लहान, तितकंच चाक लहान. याला प्रमाण म्हणतात. १:४८ म्हणजे खऱ्यावर ४८ सेंटिमीटर असेल, ते आपल्याकडे एक सेंटिमीटर.

आपल्याला हे नवीन नाही. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात. भातुकलीतली चूल, तवा, पाटा-वरवंटा हे सगळं लहान केलेलं स्वयंपाकघरच. फक्त एक गंमत बघा. पोरांच्या हातात आपण बैल दिला, ट्रॅक्टर दिला. पोरींच्या हातात चूल दिली. मोठेपणी कोणी काय करायचं, ते आपण खेळण्यातूनच सांगून टाकतो. त्यामुळं पुतणीनं विमानाचं नाव काढल्यावर माझे दीर म्हणाले, "पोरीला विमान कशाला? रांगोळीचं काहीतरी कर म्हणा." पोरीनं त्यांना उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, टेप दे."

तिनं निवडलं मिग-२१. मूळ विमान रशियाचं, पण त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथं सहाशेहून अधिक मिग-२१ तयार झाली. म्हणजे आपल्याच राज्यातल्या कामगारांच्या हातून ती गेली. १९६३ साली हे विमान आपल्या वायुदलात आलं. आवाजापेक्षा जास्त वेगानं उडणारं ते आपलं पहिलं लढाऊ विमान. १९७१च्या युद्धात ते लढलं. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये त्याला निरोप दिला. बासष्ट वर्षं सेवा झाली. उंचावर त्याचा वेग ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर जायचा. समृद्धी महामार्गावरून आपण नागपूरला जायला काही तास घेतो, त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.

आता मापं. खऱ्या विमानाची लांबी, नाकापुढची सळई सोडली तर, साधारण पावणेपंधरा मीटर. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वासात मीटरला थोडी कमी. उंची साधारण चार मीटर. अठ्ठेचाळीसनं भागा. लांबी साडेतीस सेंटिमीटर, पंख पंधरा सेंटिमीटर, उंची साडेआठ. म्हणजे वहीच्या पानाएवढं. पुतणीला भागाकार येत होता, पण भागाकाराचा उपयोग काय हे तिला त्या दिवशी कळलं. पुस्तकात गुणोत्तर आणि प्रमाण म्हणून जे होतं, ते समोर टेबलावर उतरत होतं.

बांधणी ऐका. लग्नपत्रिकेचा जाड कागद सगळ्यात चांगला. घरात असतोच. विमानाचं पोट म्हणजे एक नळी, साधारण सव्वीस सेंटिमीटर लांब. तिचा घेर आठ सेंटिमीटरच्या आसपास. आपण बाहीला धरतो तसं अर्धा सेंटिमीटर चिकटवायला जास्त धरा. नळी आतून दबू नये म्हणून पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून मध्ये मध्ये बसवा. नाकाकडे नळी निमुळती होते. तिथं काय करायचं यावर पोर अडली होती. मी म्हटलं, ब्लाउजला टक्स घेतो तसे घे. कडेला चार बारीक त्रिकोण कापले, कडा जवळ आणून चिकटवल्या, नाक निमुळतं झालं.

मिगचं तोंड उघडं असतं. त्यातून इंजिनाला हवा जाते, आणि त्या तोंडाच्या मधोमध एक शंकू असतो. तो कागद गुंडाळून केला. पंख त्रिकोणी असतात, मागे झुकलेले. पोटाला चिकटणारी बाजू दहा सेंटिमीटर धरली, आणि पोटापासून बाहेर सहा सेंटिमीटर. दोन्ही पंख एकाच साच्यावर कापायचे, एक उलटा करून. ब्लाउजचे पुढचे दोन भाग कापतो तसंच. नाहीतर एक पंख मोठा होतो आणि विमान लंगडं दिसतं.

वैमानिकाच्या डोक्यावरची काच कॅप्सूलच्या रिकाम्या पाकिटातून मिळाली. त्यातला पारदर्शक फुगा अलगद कापून घ्यायचा. पुढचं चाक शर्टाच्या बटणाचं, मागची दोन कोटाच्या मोठ्या बटणांची. आणि एक महत्त्वाची गोष्ट. नाक बंद करण्याआधी आत एखादा लहान नट किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवा. कागदाचं विमान मागून जड होतं आणि शेपटीवर बसतं. पुढं वजन दिलं की तीन चाकांवर सरळ उभं राहतं.

कापण्याचं काम धारदार पात्यानं करावं लागतं. ते मोठ्या माणसानं करावं किंवा शेजारी बसून करून घ्यावं. पातं स्वतःकडे ओढायचं नाही, आणि काम झालं की डब्यात बंद.

रंगाकडे येऊ. नुसत्या कागदावर रंग दिला तर कागद फुगतो. आधी डिंकात पाणी घालून एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. रंग नेहमी पातळ, दोन-तीन वेळा. एक जाड थर दिला की ओघळ येतात. आधी फिका रंग, मग गडद. सरळ रेष हवी असेल तर चिकटपट्टी लावा, पण आधी ती कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा, म्हणजे काढताना खालचा रंग निघत नाही. ऑइल पेंट वापरणार असाल तर बाहेर अंगणात बसा. थिनरचा वास डोक्याला चढतो आणि ते लगेच पेट घेतं. चुलीजवळ, गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ ते न्यायचं नाही. पाण्याचे पोस्टर कलर लहान पोरांसाठी बरे.

कोणता रंग द्यायचा, याचं उत्तर एकच नाही. आपल्याकडची सुरुवातीची मिग चांदीसारखी चकचकीत होती, धातूचाच रंग. १९७१च्या युद्धाच्या वेळी ती लपावीत म्हणून त्यांच्यावर हिरवे-मातकट पट्टे आले. शेवटच्या काळातली राखाडी होती. म्हणून रंगाआधी ठरवायचं, हे विमान कोणत्या सालचं? पुतणीनं १९७१चं केलं. मग राखाडी रंग कितीही छान दिसला तरी चालणार नव्हता. एकदा साल ठरलं की रंग आपल्या मर्जीचा राहत नाही.

वायुदलाची खूण तीन वर्तुळांची. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. क्रम चुकला तर खूण चुकली. वेगवेगळ्या मापाची बटणं ठेवून वर्तुळं काढली. पत्र्याचे जोड दाखवायला टोकदार पेन्सिलीच्या रेघा दिल्या. मागच्या धुराड्याला काळपटपणा हवा होता. सासूबाईंनी दिव्यावर धरलेलं काजळ दिलं. बोटानं जरासं फिरवलं आणि विमान उडून आल्यासारखं दिसायला लागलं.

सासूबाईंनीच मग विचारलं, "यात बसणारा माणूस कुठाय?" या प्रमाणात बसलेला माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. पोळ्याचे बैल करतात त्याच मातीतून त्यांनी तो केला. काच लावायच्या आधी आत बसवला. एकच माणूस. मिग-२१च्या लढाऊ विमानात एकाच माणसाची जागा असते.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. या विमानाचे अपघात फार झाले. वर्तमानपत्रांनी त्याला उडती शवपेटी म्हटलं. पुण्याच्या कविता गाडगीळ यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ, सप्टेंबर २००१मध्ये राजस्थानात रात्रीच्या उड्डाणात मिग कोसळून गेला. त्या आईनं आणि वडिलांनी दुःख घरात ठेवलं नाही. विमानांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं उघडपणे प्रश्न विचारले आणि मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. मी हे पुतणीला सांगितलं. घरात म्हणाले, कशाला घाबरवतेस? मला वाटतं, मॉडेल खरं करायचं तर ही गोष्टही त्याच्या मापातली आहे. नुसता पराक्रम सांगितला तर ते खेळणंच राहतं.

आणि दुसरी गोष्टही सांगितली. वायुदलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक जून २०१६मध्ये दाखल झाल्या. त्यातल्या अवनी चतुर्वेदी या मध्य प्रदेशातल्या रीवाच्या. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांनी एकटीनं लढाऊ विमान उडवलं, आणि ते विमान मिग-२१च होतं. सासूबाईंनी ते ऐकलं, काच उचलली आणि मातीच्या त्या माणसाला काडीनं मागे एक बारीक अंबाडा करून दिला. हेल्मेटखाली तो कुणाला दिसणार नाही, पण आम्हाला माहीत आहे.

प्रदर्शनात पोरीला परीक्षकांनी लांबी विचारली, प्रमाण विचारलं, रंगाचं साल विचारलं. तिला सगळं येत होतं, कारण सगळं तिनं मोजलेलं होतं. दीर मागे उभं राहून ऐकत होते. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "यासाठी शिकावं काय लागतं?"

ते मी तुम्हालाही सांगते, कारण उशीर इथंच होतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, २०२१ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींना परीक्षा देता येऊ लागली. ३० मे २०२५ला सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. पण तिथून वायुदलात जायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. मुलींसाठी नाशिकला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिची तयारी दहावीतच करावी लागते. आपण काय करतो? सायन्सचं कॉलेज लांब, एसटीची वेळ जमत नाही, म्हणून पोरीला जवळच्या आर्ट्सला घालतो. आर्ट्स वाईट नाही. पण त्या एका दिवशी तिचा रस्ता बंद झाला, हे आपल्या लक्षातही येत नाही. प्रत्येक पोरीनं वैमानिक व्हावं असं माझं म्हणणं नाही. रस्ता बंद करायचा असेल तर तिला विचारून करा, एसटीच्या वेळापत्रकाला विचारून नको.

तुमच्या बचत गटात हे करून बघा. तीन रविवार पुरतात. पहिल्या रविवारी मापं आणि कापणी, दुसऱ्या रविवारी जोडणी, तिसऱ्या रविवारी रंग. रंग, ब्रश, डिंक, पातं धरून आमचा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला. बाजारात प्लास्टिकचे तयार सुटे भागही मिळतात, पण महाग पडतात आणि त्यात माप दुसऱ्यानंच घेतलेलं असतं. विमानच हवं असं नाही. लोणारच्या दैत्यसूदनाचं देऊळ करा, पैनगंगेवरचा पूल करा, मळणी यंत्र करा. अट एकच, मोजून करा. आणि टेप पोरीच्या हातात द्या.

आमचं मिग सध्या शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर आहे. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका विचारतात, "हे कुणी केलं?" आधी मी सांगायचे. आता दीर सांगतात.