संगणक भंगारात कधी काढायचा, हे कुणी ठरवायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट देणे थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळांत, ग्रामपंचायतींत, वाचनालयांत त्याहून जुने संगणक आहेत. ते त्या दिवशी बिघडले नाहीत. दूरच्या एका कंपनीने त्यांची मुदत संपवली, एवढेच झाले.

कुणाची मुदत कुणी ठरवायची, हा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूर या जिल्ह्यांना नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि आपल्या बांबूचा निर्णय गाव स्वतः घेऊ लागले. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीकडे मी याच नजरेने पाहतो. लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतलेला तिचा गाभा ज्या परवान्याखाली मिळतो, त्यात तो वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बदल करून पुढे वाटणाऱ्याने हेच हक्क पुढच्यालाही द्यायचे, अशी अटही आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपूर्वीच या वाटेने गेल्या.

भाषेचेही तसेच आहे. आपल्याकडच्या गोंडी भाषेची मसराम गोंडी लिपी २०१७ साली आणि गुंजाला गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली. एवढ्या छोट्या बाजारासाठी कळफलक बनवायला कोणती कंपनी धावत येईल? लिनक्समध्ये तो एखादा शिक्षक बनवू शकतो, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता कामाचे बोलू. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते. दोनच जीबी असेल तर लुबुंटू किंवा अँटीएक्स या लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या पाहा. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, जुन्या डिस्कला हातही लागत नाही. पसंत पडले की सगळ्या फाइलींची प्रत काढा, मगच कायमचे बसवा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर वेगात जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याच खर्चाने पडत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पंख्यातली धूळ काढणे तर हवेच. आणि मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल बदला. तो संपला की तारीख मागे जाते, संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि लोक संगणक गेला असे समजतात.

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, काही डिजिटल स्वाक्षरीची साधने, काही जुने प्रिंटर लिनक्सवर अडतात, हे खरे. त्यांच्यासाठी कार्यालयात एक विंडोजचा संगणक राहू द्या. शाळेत मुलांच्या संगणक-खोलीतले बाकीचे सारे लिनक्सवर नेता येतात. मराठी विकिपीडिया किविक्स या मोफत वाचकात इंटरनेटशिवाय वाचता येतो. म्हणून माझी विनंती एवढीच आहे: पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होण्याआधी लिनक्स आणि विकिपीडिया भरलेले पेन ड्राइव्ह तिकडच्या शाळांत पोचवू या.