खांबासारखं उभं राहू या

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

आम्ही पातूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे उभं राहण्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, उभं राहायला काय शिकवता? आम्ही तर दिवसभर उभ्याच असतो. खरं आहे. नळावर उभ्या, ओट्यापाशी उभ्या, रेशनच्या रांगेत उभ्या, एसटीची वाट पाहत उभ्या. पण कशा उभ्या असतो? भार एका पायावर, कंबर वाकडी, खांदे वर चढलेले आणि डोक्यात पुढच्या चार कामांची यादी. वावरात गेलो की वाकलेल्याच. निंदण असो, सोयाबीनची सोंगणी असो, नाहीतर कमरेला फडकं बांधून पऱ्हाटीत कापूस वेचणं असो. सरळ, निवांत उभं राहिल्याचं कोणालाच आठवत नाही.

मागच्या वेचणीनंतर आमच्या बैठकीत हाच विषय निघाला. कोणाची कंबर, कोणाचे गुडघे, कोणाला रात्री झोप नाही. आमच्यातल्या एकीची मुलगी नर्सिंग शिकते. ती सुटीत आली होती. ती म्हणाली, "मावशी, पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहून पाहा. चीनमधल्या बायामाणसं बागेत अशी उभी राहतात." आणि तिनं आम्हाला उभं करून दाखवलं.

या व्यायामाला तिकडं 'चीगाँग' म्हणतात. 'ची' म्हणजे श्वास, जीवनशक्ती. आपण प्राण म्हणतो तसं. 'गाँग' म्हणजे मेहनतीनं कमावलेलं काम. थोडक्यात, श्वासाची मशागत. त्यातल्या नुसतं उभं राहण्याच्या प्रकाराला 'चान चुआंग' असं नाव आहे. त्याचा अर्थ खांबासारखं, खुंटासारखं उभं राहणं.

हा अर्थ ऐकला आणि आम्ही पोट धरून हसलो. कारण आदल्याच दिवशी एकीच्या सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "काय वं, खांबावानी काहून उभी हायेस? काम नाही का तुले?" आपल्याकडं जी शिवी, तिकडं ती साधना!

हा प्रकार काही काल-परवाचा नाही. चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई नावाची जागा आहे. 1973-74 साली तिथल्या एका जुन्या थडग्यात रेशमावर काढलेलं चित्र सापडलं. थडगं इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद केलेलं. त्या चित्रात व्यायाम करणारी 44 माणसं आहेत आणि त्यांत बायासुद्धा आहेत. म्हणजे जवळजवळ बावीसशे वर्षांपूर्वीही बाया कामातून वेळ काढून हातपाय ताणत होत्या. मग आपण का लाजायचं?

आणि हे आपल्याला परकंही नाही. योगात ताडासन आहेच. विठोबा विटेवर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे. आपल्या वऱ्हाडात तर व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. तिथल्या मंडळींनी 1936 साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवले. म्हणून कोणी म्हणालं, "हे चिनी कुठून आणलं?" तर सांगा, चांगलं बियाणं कुठलंही असो, आपल्या वावरात उगवलं म्हणजे झालं.

आता कसं करायचं ते ऐका. रेडिओजवळ असाल तर आत्ताच उठा.

पायात खांद्याइतकं अंतर ठेवा. पावलं सरळ पुढं. भार दोन्ही पायांवर सारखा. गुडघे ताठ करू नका, किंचित सैल सोडा, उंच स्टुलावर टेकायला निघाल्यासारखे. पाठ सरळ. हनुवटी थोडी आत. खांदे खाली सोडा. आता दोन्ही हात छातीसमोर गोल धरा, मोठी घागर कवेत घेतल्यासारखे. काखेत थोडी मोकळी जागा राहू द्या. हात दुखले तर खाली, बेंबीपाशी आणा. डोळे अर्धे मिटा. श्वास नाकानं, आपला आपण चालू द्या. ओढायचा नाही, कोंडायचा नाही. फक्त पोट हलतंय तिकडं लक्ष ठेवा. डोक्यात दुधाचा हिशेब आला, पोराची फी आली, तर येऊ द्या. पुन्हा पोटाकडं या.

पहिल्या आठवड्यात दोनच मिनिटं. मग तीन, मग पाच. आम्ही अजून दहाच्या पुढं गेलो नाही. मांड्या थरथरतात, ते मेहनतीचं थरथरणं आहे. पण गुडघ्यात कळ आली तर थांबा.

शेवटी टाचांचा व्यायाम करा. चीनमध्ये 'बादुआनजिन' नावाचा आठ हालचालींचा जुना व्यायाम आहे. त्यातली शेवटची हालचाल ही. दोन्ही टाचा हळू उचला, हळू खाली ठेवा. असं सात वेळा. याचं कारणही समजून घ्या. आपण एका जागी स्तब्ध उभ्या राहिलो की रक्त पायात साचतं. पोटरी आवळली की ती पंपासारखं रक्त वर ढकलते. म्हणूनच गुडघे ताठ करून फार वेळ उभं राहिलं की भोवळ येते. शाळेत झेंडावंदनाला पोरं पडतात, ती अशीच.

आता खबरदारी. ज्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उपासाच्या दिवशी, जेवल्याबरोबर किंवा उन्हात करू नये. ज्यांना तोल जाण्याची भीती वाटते त्यांनी भिंतीजवळ उभं राहावं. आपला उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, तेव्हा सकाळी लवकर किंवा दिवेलागणीलाच.

यापुढची गोष्ट सांगायला आम्हाला थोडी लाज वाटते, पण सांगायलाच हवी. आमच्यातल्या एका मावशींना बीपीची गोळी चालू आहे. महिनाभर उभं राहिल्यावर त्यांना शांत झोप लागू लागली. त्यांना वाटलं, बरं झालं. त्यांनी गोळी बंद केली आणि कोणाला सांगितलंही नाही. आम्हीही तेव्हा जिला तिला सांगत होतो, "याने सगळं बरं होते." उपकेंद्रात सिस्टरनं बीपी मोजलं तर 170 वर 100. मावशींना काहीसुद्धा त्रास जाणवत नव्हता. बीपीचं हेच तर आहे, वाढलं तरी कळतंच असं नाही. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. गोळी पुन्हा सुरू झाली. चूक मावशींची कमी, आमच्या बोलण्याची जास्त होती.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. उभं राहणं हे गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. साखरेची, बीपीची, थायरॉईडची कोणतीच गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. आता दर महिन्याच्या बैठकीत आम्ही हप्त्याबरोबर हेही विचारतो, "गोळी चालू आहे ना?"

मग या उभं राहण्यानं मिळालं काय? खरं तेच सांगतो. गुडघे नवे झाले नाहीत. वावरातलं काम हलकं झालं नाही. पण कंबर मोडून यायच्या आधी ध्यानात येतं की आपण वाकड्या उभ्या आहोत. राग आला की आधी खांदे सैल सोडायची सवय लागली. आणि पाच मिनिटं अशी मिळाली की त्यात कोणासाठी काही करायचं नसतं. ती पाच मिनिटं मागून घेणं हेच सगळ्यात अवघड होतं. एकटीनं अंगणात उभं राहिलं की लोक हसतात. दहा जणी उभ्या राहिल्या की कोणी हसत नाही. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच आम्ही सगळ्या मिळून उभ्या राहतो.

त्या "खांबावानी" म्हणणाऱ्या सासूबाई न्हाणीत एकदा घसरल्या होत्या. तेव्हापासून चालायला भीत. ताई-ची नावाचा असाच सावकाश चिनी व्यायाम करणारी म्हातारी माणसं कमी पडतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. सुनेनं त्यांना हे सांगितलं. आता रोज सकाळी त्या ओसरीचा खांब एका हातानं धरतात आणि टाचा वर-खाली करतात. सून चहा ठेवते आणि विचारते, "किती झाले वं माय?" त्या म्हणतात, "सात झाले. तू कवा उभी रायतेस?"

तर मैत्रिणींनो, आज दिवेलागणीला दोन मिनिटं उभ्या राहा. शेजारणीलाही बोलवा. आणि गोळी घ्यायची असेल तर तीही आठवणीनं घ्या. रामराम.