हिंग कुठला, हे न विचारता जेवलो

आज एका बेकरीबद्दल बोलायचंय. मला सिलिॲक आहे. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्याला इजा करते. डाएटचं फॅड नाही हे.

त्यामुळे बाहेर जेवायला गेलो की मी वेटरचं डोकं खातो. भाकरी ज्वारीची, ठीक आहे, पण पीठ कुठे दळलं? गिरणीत आधी गहू दळला असेल तर संपलं. आणि आमटीत हिंग कुठला? बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, माहितीये? मित्र तोवर मोबाइल बघत बसतात.

आमच्या भागातल्या या बेकरीत गहू, मैदा, रवा आतच येत नाही. दारावर पाटी आहे, बाहेरचं खाणं आणू नका. नुसता 'ग्लूटेन फ्री मेन्यू' असणं वेगळं. आपल्याकडे तसं लेबल लावायला किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. जिथे मैदा उडतोय त्या किचनमध्ये हे कसं सांभाळणार?

मी वडापाव मागवला. ग्लूटेनचा चिकटपणा नाही, म्हणून पिठात इसबगोल घालतात, तरी पाव जरा भुगा होतो. खरं सांगू? स्टेशनबाहेरच्या पावाची सर नाही. महागही आहे. पण आठ वर्षांनी हातात गरम पाव होता राव!

दुसरा मागवला तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, आज तू काहीच विचारलं नाहीस."