दाता आणि भांडारी

‘दाता देतो आणि भांडाऱ्याचें पोट दुखतें’ ही म्हण महाराष्ट्रांतील घराघरांत परिचित आहे. देणाऱ्यानें देण्याचें ठरविलें, तरी कोठाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्यानेंच हात आखडला तर दारीं आलेल्याची झोळी रिकामी राहते. घरगुती व्यवहारांतील ही गोष्ट एका बलाढ्य लोकसत्तेच्या राज्यकारभारांतही वारंवार घडत आली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दाता कोण, भांडारी कोण, आणि भांडाऱ्यानें देणें अडविल्यास त्याला जाब कोणीं विचारावयाचा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. करांच्या प्रश्नावरून इंग्लंडच्या राजसत्तेशीं झगडून स्वतंत्र झालेल्या त्या पिढीनें खजिन्याची किल्ली मोठ्या सावधपणें ठेविली. कायद्यानें मंजुरी दिल्यावांचून खजिन्यांतून कोणतीही रक्कम काढतां येऊं नये, आणि जमाखर्चाचा तपशील वेळोवेळीं प्रसिद्ध व्हावा, अशी तजवीज घटनेच्या पहिल्याच कलमांत आहे. प्रतिनिधिगृह व सेनेट या दोन सभागृहांचें कायदेमंडळ लोकांच्या वतीनें दाता झालें. आणि कायद्यांची निष्ठेनें अंमलबजावणी करणारे अध्यक्ष भांडारी झाले. मंजुरीवांचून खर्च करूं नये, हें यांत स्वच्छ सांगितलें आहे. परंतु मंजूर झालेली रक्कम खर्च केलीच पाहिजे काय, याचें उत्तर तितक्या स्पष्ट शब्दांत दिलेलें नाहीं. पुढील सारा वाद या फटींतून उगवला.

प्रथम काटकसरीचें एक निर्दोष उदाहरण पाहावें. १८०३ सालीं मिसिसिपी नदीवर लढाऊ नौका ठेवण्यासाठीं कायदेमंडळानें ५०,००० डॉलर मंजूर केले होते. त्याच वर्षीं फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश विकत मिळाला व त्या नौकांची निकड उरली नाहीं. अध्यक्ष जेफर्सन यांनीं तो खर्च थांबविला आणि तसें कायदेमंडळाला उघडपणें कळविलें. प्रसंग टळल्यामुळें पैसा राहिला. दात्याचा हेतु मोडला गेला नाहीं.

याच्या उलट उदाहरण अध्यक्ष निक्सन यांच्या कारकीर्दींतील आहे. १९६९ सालीं क्लीव्हलंड शहरांत कायहोगा नदीच्या पृष्ठभागावर साचलेल्या तेलकट घाणीनें पेट घेतला. नदी जळते, हें दृश्य पाहून लोकमत खवळलें. १९७२ सालीं कायदेमंडळानें जलशुद्धीचा मोठा कायदा केला व सांडपाणी शुद्ध करण्याच्या बांधकामांसाठीं शहरांना अब्जावधि डॉलर देण्याचें ठरविलें. खर्च अवाढव्य आहे, या कारणास्तव निक्सन यांनीं तो कायदा नाकारला. परंतु दोन्ही सभागृहांनीं दोनतृतीयांशांहून अधिक मतांनीं तो नकार रद्द ठरविला. येथें वाद संपावयास हवा होता. तो संपला नाहीं. पहिल्या दोन वर्षांसाठीं ५ अब्ज आणि ६ अब्ज डॉलर वांटावयाचे असतां अध्यक्षांनीं फक्त २ अब्ज आणि ३ अब्ज वांटण्याचा हुकूम दिला. पुढल्या दारीं हरलेला डाव मागल्या दारानें जिंकण्याचाच हा प्रयत्न होता. न्यूयॉर्क शहरानें न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शहराच्या बाजूनें निर्णय दिला. कायद्यानें ठरविलेली वांटणी अध्यक्षांच्या मर्जीवर अवलंबून नाहीं, हें त्या निर्णयाचें सार होय.

तत्पूर्वींच, १९७४ च्या जुलैमध्यें, कायदेमंडळानें ही फट बुजविणारा कायदा केला. मंजूर रक्कम रद्द व्हावी असें अध्यक्षांना वाटल्यास त्यांनीं तसा प्रस्ताव कायदेमंडळाकडे पाठवावा. अधिवेशनाच्या ४५ दिवसांत दोन्ही सभागृहांनीं त्याला संमति न दिल्यास ती रक्कम खर्चासाठीं मोकळी करावी, असा नियम ठरला. या कायद्यावर निक्सन यांनींच स्वाक्षरी केली, आणि त्यानंतर महिना लोटण्यापूर्वींच दुसऱ्या एका प्रकरणांत त्यांना अध्यक्षपद सोडावें लागलें.

नियम झाला, पण त्यावर नजर कोणीं ठेवावयाची? त्यासाठीं १९२१ सालींच कंट्रोलर जनरल नांवाचा मुख्य हिशेब तपासनीस नेमण्याची सोय झाली होती. त्याची मुदत १५ वर्षांची. अध्यक्षांना त्याला एकट्याच्या अधिकारांत काढून टाकतां येत नाहीं. त्याच्या कचेरीच्या नांवांत पूर्वीं ‘हिशेब’ या अर्थाचा शब्द होता. २००४ सालीं त्या जागीं ‘जबाबदारी’ या अर्थाचा शब्द घालण्यांत आला. हा फरक केवळ पाटीचा नव्हे. बेरीज जुळली म्हणजे कर्तव्य संपलें असें नसून, ती रक्कम कोणाच्या हुकुमानें दिली वा अडविली, हें सांगणेंही त्यांत आलें.

मात्र या तपासनिसाच्या हातीं लेखणी आहे, किल्ली नाहीं. २०१९ सालीं युक्रेनला लष्करी साह्य म्हणून मंजूर झालेली सुमारें २१ कोटी ४० लक्ष डॉलरांची रक्कम अध्यक्ष ट्रंप यांच्या पहिल्या कारकीर्दींत अडविण्यांत आली. तें बेकायदेशीर होतें, असा अभिप्राय या कचेरीनें जानेवारी २०२० मध्यें दिला. परंतु रक्कम त्याआधीं चार महिने सुटली होती.

२०२५ सालीं, ट्रंप यांच्या दुसऱ्या कारकीर्दींत, या व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. त्या वर्षाच्या जुलैमध्यें सुमारें ९ अब्ज डॉलरांच्या मंजुऱ्या रद्द झाल्या, आणि त्यांत सार्वजनिक रेडिओ व दूरचित्रवाणीसाठीं ठेवलेले सुमारें १.१ अब्ज डॉलर होते. हा निर्णय अनेकांना रुचला नसेल. पण तो दोन्ही सभागृहांत मतें मोजून झाला. कोणत्या सभासदानें कोणत्या बाजूस मत दिलें, हें नोंदलेलें आहे, आणि मतदारांस त्याचा जाब मागतां येतो. ऑगस्टच्या अखेरीस घडलें तें निराळें. सुमारें ४.९ अब्ज डॉलरांचें परदेशी साह्य रद्द करण्याचा प्रस्ताव अध्यक्षांनीं पाठविला. तेथील आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतें. ४५ दिवस पुरे होण्याआधींच वर्ष संपणार, आणि कायदेमंडळ गप्प राहिलें तरी मंजुरी आपोआप मरणार, असा हा हिशेब होता. कंट्रोलर जनरलच्या कचेरीनें ही युक्ति बेकायदेशीर ठरविली. साह्य संस्था न्यायालयांत गेल्या. परंतु २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानें सुमारें ४ अब्ज डॉलर तूर्त अडवून ठेवण्यास मुभा दिली. १९७४ च्या कायद्याखालीं अशा संस्थांना फिर्याद करतां येत नसावी, असें न्यायालयाचें प्राथमिक मत पडलें. ज्याच्या झोळींत दान पडावयाचें, त्यालाच भांडाऱ्याविरुद्ध तक्रारीची वाट बंद झाली.

भांडाऱ्याच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. अमेरिकेचें राष्ट्रीय कर्ज ऑक्टोबर २०२५ मध्यें ३८ लक्ष कोटी डॉलरांच्या पुढें गेलें. अशा वेळीं कोणीतरी हात आवरला पाहिजे, हें म्हणणें खोटें नाहीं. दात्याचा आळसही लपत नाहीं: १९७४ च्या कायद्याची पद्धति सुरू झाल्यापासून कायदेमंडळानें वर्षाचीं सर्व खर्चविधेयकें वेळेवर मंजूर केल्याचे प्रसंग अवघे चार आहेत. परंतु काटकसर ही देखील खर्चाप्रमाणेंच एक धोरण आहे, आणि धोरणाखालीं दात्याची सही लागते. १९९६ सालीं कायदेमंडळानें मंजुरींतील निवडक बाबी छाटण्याचा अधिकार अध्यक्षांना आपण होऊन देऊन टाकला, तेव्हां १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला. किल्ली दान करण्याचीही मोकळीक दात्याला नाहीं, कारण ती मुळांत लोकांची ठेव आहे.

उधळलेल्या पैशाचा हिशेब कोणीही मागतो, कारण उधळपट्टी डोळ्यांना दिसते. न दिलेला पैसा दिसत नाहीं. न बांधलेलें जलशुद्धिकेंद्र आणि न पोंचलेलें औषध यांचीं चित्रें वर्तमानपत्रांत छापून येत नाहींत. म्हणून अडविलेल्या रकमेचा जाब मागणें अधिक कठीण, आणि तितकेंच अधिक आवश्यक असतें. तपासनीस तो जाब लिहून ठेवूं शकतो आणि न्यायाधीश त्याचा अर्थ लावूं शकतो. पण प्रतिनिधिगृहाचा प्रत्येक सभासद दर दोन वर्षांनीं ज्या मतदाराच्या दारीं येतो, त्यानें तो प्रश्न विचारला नाहीं, तर लिहिलेला जाब कपाटांतच पडून राहतो.